हात दे

शकुबाई आमच्या अंगणात आली तेव्हा तिच्या कपाळाला पट्टी होती आणि तरी ती खुशीत होती. बातमी पोचवायला मिळाली की ही बाई दुखणंखुपणं विसरते. मी धान पाखडत होते. तिने आधी पाणी मागितलं, अर्धा गिलास प्यायली आणि मग म्हणाली, "सुगंधा, घाबरू नको. तुह्या मानसाले काई झालं नाई. मोहटोल्याच्या फाट्यावर एक मोटरसायकल जीपवर येऊन आदळली. पोराचा पाय मोडला."

मी सूप खाली ठेवलं. "तू होती का जीपमंदी?"

"होती म्हंजे? मागच्या शीटवर, बरोब्बर हरिदासच्या पाठीमागं." मग तिने आवाज उतरवला, पण शेजारच्यांना ऐकू जाईल इतकाच. "पन् एक सांगते, राग नको मानू. त्यानं तिले म्हटलं, हात दे. अन् तिनं देल्ला. मी माह्या कानानं आयकलं. अन् लगेच धाडकन् झालं."

"कोनाले म्हटलं?"

"सत्यशीलाले. मोहटोल्याची अंगनवाडीवाली बाई नाई का? ते बसली होती ना त्याच्या उजव्या बाजूले."

नवऱ्याचं नाव बाईने घेऊ नये असं आमच्याकडे मानतात. मी या प्रकरणात पोलिसांसमोर ते इतक्यांदा घेतलं की आता लाज उरली नाही, म्हणून इथेही सरळ हरिदासच म्हणते. तर हरिदास धड आहे हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. त्या पोराच्या पायाचं वाईट वाटायला हवं होतं. मला दोन्हीपैकी काही वाटलं नाही. माझ्या कानात फक्त 'उजव्या बाजूले' एवढंच वाजत राहिलं, कारण ती जागा माझी होती.

ही जागा काय, ते आमच्या काली-पिली जीपमध्ये न बसलेल्या माणसाला कळायचं नाही. त्या दिवसांत सिंदेवाहीहून मूल गावाला जाणाऱ्या रस्त्यावर एसटी कमी आणि माणसं फार. जीपमध्ये जागा असतील त्याच्या दुप्पट माणसं बसायची. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तिघं झाले की एक माणूस त्याच्या उजव्या हातालाही बसायचा, अगदी कडेला, अर्धा आत आणि अर्धा रस्त्यावर. ड्रायव्हर मधोमध चेंगरून गाडी चालवायचा. मग त्याचा उजवा हात बाहेर काढायचा कसा? आणि हरिदास बाबूभाईंची जी जीप चालवायचा तिचे वळायचे दिवे तर आम्ही कधी लागलेले पाहिलेच नाहीत. म्हणून वळण आलं की ड्रायव्हर म्हणायचा, "हात दे," आणि उजवीकडे बसलेला माणूस आपला हात बाहेर काढायचा. मागच्याला कळायचं की गाडी वळते आहे.

लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं तो हात माझा होता. हरिदासने मला शिकवलं. पंजा समोर, बोटं जुळलेली, कोपर ताठ. "हलवू नको," म्हणायचा, "हलवला का मागच्याले वाटते, मले पुढं जा म्हनून राह्यली." मागचं चाक कच्च्या रस्त्याला लागेपर्यंत हात आत घ्यायचा नाही. दुसऱ्या बायकांना नवरे जत्रेतून पाटल्या आणून देत, मला हा सगळा रस्ता मिळाला होता. कुठल्या फाट्याला हात आधी काढायचा, कुठे पुलामुळे उशिरा, सगळं मला पाठ. मग सासू अंथरुणाला लागली आणि मी घरी बसले. तेव्हा हरिदास आपणहून म्हणाला होता, "आता उजव्या बाजूले कोनालेच नाई बसवत. पोलीस चालान फाडते." मी त्याचं कौतुक केलं. नळावर चार बायकांना सांगितलंसुद्धा, की आमचा माणूस किती कायद्याने चालतो.

संध्याकाळी तो आला तो बाबूभाईंना बरोबर घेऊन. बाबूभाई म्हणजे जीपचे मालक, सिंदेवाहीत टायरट्यूबचं दुकान. सज्जन माणूस, पण जीपच्या बाबतीत हळवा. ते बाजेवर बसले आणि टोपी काढून हातात घेतली.

"सुगंधाबाई," ते म्हणाले, "लोक तर बोलूनच राह्यले, मोठ्या गाडीचीच चूक म्हनून. मोठी गाडी दिसली का चूक तिचीच. पन् केस हरिदासवर गेली तर लायसन जाईन त्याचं. मंग मले दुसरा ड्रायव्हर पाहा लागन. मी तरी काय करू, सांगा."

मी चहा ठेवला. कप देताना हरिदासला विचारलं, "उजव्या बाजूले कोन होतं?"

"गर्दी होती."

"गर्दीले नाव नसते का?"

त्याने बाबूभाईंकडे पाहिलं. बाबूभाईंनी चहाकडे पाहिलं.

"सत्यशीलाबाई," तो म्हणाला.

मला तो 'बाई' झोंबला. मला नुसतं सुगंधा म्हणतो, कधी तर नुसतं 'ऐक'. तिच्या नावाला मात्र बाई लावायला त्याची जीभ चुकली नाही.

"अन् पोलिसाले काय सांगतलं?"

"सांगतलं, उजव्या बाजूले कोनी नोहतं. मीच हात दाखोला. नाई तर ज्यादा शीट बसोल्याचा गुन्हा वेगळा लागते ना."

म्हणजे पोलिसाला आणि मला एकच खोटं सांगितलं होतं. मला आधी सांगून त्याचा सराव झाला असावा.

"तिच्यात अन् तुमच्यात काय हाय?"

"काई नाई वं. ते अंगनवाडीत जाते, येते. जागा नसते म्हनून बसते."

"जागा नसते म्हनून इतके लोकं टपावर बसते. तिले टप दिसला नाई?"

बाबूभाई उठले. दोन्ही हातांनी टोपी नीट बसवली आणि 'मी येतो' म्हणून निघून गेले. हरिदास त्या रात्री जेवला, हे मला फार लागलं.

सत्यशीला मला माहीत होती. बाजाराच्या दिवशी दिसायची. अंगाने सडपातळ, हातात घड्याळ, 'नाही' म्हणताना 'ही' पूर्ण उच्चारायची. नवरा चंद्रपूरला कुठल्याशा कंपनीत होता म्हणत, पण त्याला कोणी पाहिलेला नव्हता. पुढच्या बाजारात मी वांगी घेण्याच्या निमित्ताने तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि तिचा उजवा हात पाहून आले. गोरा होता, बोटं लांब होती. हिरव्या बांगड्यांतल्या दोनच उरल्या होत्या, बाकीच्या त्या दिवशी फुटल्या असणार. माझे हात चिखलातल्या धानाच्या रोवण्याने आणि राखेने कसे झाले आहेत ते मला दाखवायची गरज नव्हती, तरी मी घरी येऊन ते पाहिले. वांगी किडकी निघाली.

शकुबाईने तोवर सगळं गाव फिरून घेतलं होतं. बोअरिंगवर पाणी भरून मी गुंडी उचलायला वाकले आणि सवयीने शेजारणीला म्हणाले, "हात दे." आमच्यात गुंडी डोक्यावर चढवायची तर हेच म्हणतात, जन्मापासून म्हणत आले. पण सगळ्या बायका खो खो हसल्या. एकीने तर दुसरीचा हात धरून जीप चालवल्यासारखं करून दाखवलं. मी गुंडी तिथेच ओतून दिली आणि तशीच पोलीस स्टेशनच्या रस्त्याला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती कोणावर तरी काढायची होती.

स्टेशनात जमादार होते. घाटावरचे, बदलीवर आलेले, आमची बोली त्यांना अर्धी कळायची. माणूस उर्मट नव्हता. मी हरिदासची बायको म्हटल्यावर बाकावर बसायला सांगितलं आणि मुद्देसूद समजावलं.

"हे बघा बाई. मोटरसायकल जीपच्या उजव्या मागच्या चाकावर आदळली. रबराचा डाग रस्त्याच्या उजव्या अंगाला आहे. म्हणजे जीप फाट्याकडे वळत होती आणि तो अजय नावाचा मुलगा उजवीकडून पुढे काढत होता. इथपर्यंत भांडण नाही. जीपचे दिवे बंद. तेव्हा प्रश्न एकच राहतो, हात होता का? सरळ हात होता आणि तरी मुलगा घुसला, तर चूक मुलाची. हात नव्हता, तर चूक ड्रायव्हरची."

"होता ना हात."

"मुलगा म्हणतो, एका बाईचा हात दिसला, पण तो हलत होता. त्याला वाटलं, पुढे जा म्हणते आहे. तसं असेल तरी चूक ड्रायव्हरचीच. हात कोणाचाही असो, गाडी त्याची आहे. आणि तुमचा नवरा म्हणतो, बाई नव्हतीच!" त्यांनी एक कागद पुढे ओढला. "ह्या शकुबाई तर भलतंच सांगतात. ऐका. 'चालकाने वाहन चालवीत असताना शेजारील महिलेचा हात मागितला व तिने तो दिला. त्याच वेळी धडक झाली.' आता ह्याचा मी काय अर्थ घेऊ? हात धरून गाडी चालवली तर धडक होणारच."

मी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. महिलेचा हात मागितला! सोयरीक जुळवल्यासारखं लिहिलं होतं. मला रडू यायला हवं होतं, पण आधी हसू आलं आणि मग फार राग आला.

खरं सांगते, त्या बाकावर बसून मी मनात तिन्ही गोष्टी तोलून पाहिल्या. हात धरला असेल, तर दोघं मेले तरी मला चालणार होतं. हात हलला असेल, तर सत्यशीलेला काही येत नाही हे साऱ्या तालुक्याला कळलं असतं, आणि ते मला फार आवडलं असतं. पण मग लायसन हरिदासचं जाणार होतं. हात सरळ असेल, तर हरिदास सुटणार होता आणि तिचं नाक वर राहणार होतं. मला तिचा हात वाकडा हवा होता आणि नवऱ्याची केस सरळ. अशी सोय कायद्यात नव्हती.

"सायेब," मी म्हटलं, "हात दे म्हंजे ते नाई."

"मग काय?"

मी बाकाच्या उजव्या टोकाला सरकले. डाव्या खांद्याने ड्रायव्हरला जागा करून द्यावी तशी अंग चोरून बसले आणि उजवा हात बाहेर काढला. पंजा समोर, बोटं जुळलेली, कोपर ताठ. दारातला शिपाई बाजूला झाला.

"असं हाय ते," मी म्हटलं. "ड्रायव्हरचा हात निंगत नाई. मंग उजव्या बाजूचा मानूस देते. मी दोन वर्सं देल्ला. हरिदास मलेबी असाच म्हने, हात दे. या रस्त्यावर सारेच म्हनते."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. माझा हात खांद्यापासून बोटांपर्यंत नीट पाहिला. मग म्हणाले, "तुमचा हात झकास आहे, बाई. पण त्या दिवशी तुम्ही नव्हता. त्या बाईंना येतो का असा?"

हा प्रश्न मीच ओढवून घेतला होता. "मले काय माहीत," मी म्हटलं. "तिले इचारा."

"विचारून काय होणार? पाहू या."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे मोहटोल्याच्या फाट्याच्या अलीकडे जमलो. हरिदासने आदल्या संध्याकाळीच स्टेशनात जाऊन कबूल केलं होतं की उजवीकडे बाई होती. ज्यादा शीटचा दंड होईल तो होईल. बाबूभाई आले होते, त्यांनी जीप धुऊन आणली होती, जसं काही धुतलेल्या जीपची चूक कमी धरतात. सत्यशीला अंगणवाडी सोडून आली होती. तिने मला नमस्कार केला आणि म्हणाली, "ताई, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला."

"त्रास कायचा," मी म्हटलं, "बसा तुमच्या जाग्यावर."

तिला ते समजलं. तिचे कान लाल झाले. पण ती गेली आणि बसली.

जमादारांनी जीप त्या दिवशीसारखी भरवली. डावीकडे तीन शिपाई, मागे फाट्यावरची रिकामी माणसं. शकुबाईच्या जागी, हरिदासच्या बरोबर पाठीमागे, मला बसायला सांगितलं. स्वतः ते स्टेशनची मोटरसायकल घेऊन मागे राहिले. अजय ज्या अंतरावर होता त्याच अंतरावरून त्यांना पाहायचं होतं, हात दिसतो का, हलतो का. "हरिदास," त्यांनी ओरडून सांगितलं, "त्या दिवशी जे केलंस, जे बोललास, तेच कर. नाटक नको."

जीप निघाली. समोर हरिदासची मान होती, घामाने ओली. त्याच्या उजव्या खांद्याला तिचा डावा खांदा लागलेला होता. लागणारच, तिथे जागाच तेवढी असते, हे मला माझ्या खांद्याने माहीत होतं. आरशात एकदा त्याची आणि माझी नजर भिडली. त्याने लगेच काढून घेतली.

मी तिच्या हाताकडे पाहत होते. मनात म्हणत होते, चुकव. बांगड्या वाजव, हात हलव, उशिरा काढ. तेवढ्यात घरची सासू आठवायची, बाबूभाईंचा दुसरा ड्रायव्हर डोळ्यांपुढे यायचा, आणि मी म्हणायचे, नको बाई, सरळ काढ. असं दोन्हीकडून माझं सुरू होतं. मोहाची झाडं मागे गेली. लहान पूल आला. पूल संपला की 'हात दे' म्हणायचं, ही त्याची जागा. माझ्या वेळी तो तिथेच म्हणायचा.

पूल संपला. हरिदास काही बोलला नाही.

मला वाटलं, घाबरून विसरला. की मी पाठीमागे बसले म्हणून त्याच्या तोंडून ते निघालं नाही, कोण जाणे. मी पुढे वाकले, म्हणजे आता मीच ओरडणार होते, हात दे म्हणून. पण गरज पडली नाही. सत्यशीलेने अंग थोडं चोरलं, त्याच्या कोपराला चाक फिरवायला जागा करून दिली आणि हात बाहेर काढला. पंजा समोर, बोटं जुळलेली, कोपर ताठ. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानेही तिच्याकडे पाहिलं नाही. तो वळला. मागचं चाक कच्च्या रस्त्याला लागेपर्यंत तो गोरा हात हवेत तसाच राहिला, जराही हलला नाही, आणि मग आत आला.

नवखी असती तर तिने विचारलं असतं, आता काढू का? एकदोनदा बसलेली असती तर त्याच्या तोंडाकडे पाहिलं असतं. मला स्वतःला, न सांगता हात काढायला, पहिलं वर्ष सरावं लागलं होतं. आणि तरीही तो म्हणायचाच, कारण त्याला म्हणायला आवडायचं आणि मला ऐकायला. तिच्याबरोबर तो कधी म्हणत असेल, कधी म्हणतही नसेल. त्या दिवशी म्हटलं, ते शकुबाईच्या कानावर पडलं. बाकीच्या दिवशी कोणी ऐकावं असं काही बोललंच जात नव्हतं. जीप थांबली.

जमादार मोटरसायकल लावून आले. खुशीत होते. "लांबून दिसला. अगदी सरळ. हलला नाही. मुलाने घाई केली, दुसरं काही नाही." त्यांनी बॉनेटवर कागद ठेवला. "एवढं लिहून घेतो. बाई, तुम्ही मागे होता. त्याने सांगितलं ना, हात दे? ते शब्द ऐकू आले? शकुबाईंच्या जबानीशी जुळायला हवेत."

सगळे माझ्याकडे पाहत होते. बाबूभाईंनी मान हलवून 'हो म्हणा' असं सुचवलं. हरिदासने चाकावरचे हात काढले नव्हते. त्याला कळलं होतं की तो काय विसरला, आणि मला काय दिसलं तेही कळलं होतं. सत्यशीला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं साजरं झालं असतं. सगळ्यांची सुटका, माझीही.

"नाई, सायेब," मी म्हटलं. "काईच नाई म्हटलं त्यायनं."

हरिदासने डोळे मिटले.

"नाही म्हटलं? मग ह्यांनी हात कसा काढला?"

"तिले आता म्हनावं लागत नाई."

जमादारांचा चेहरा खुलला. "म्हणजे सवयीचा हात! अहो, हे तर आणखी चांगलं झालं. रोज देणारी बाई त्या दिवशी कशाला चुकेल?" त्यांनी भराभर लिहिलं. बाबूभाईंनी आभाळाकडे पाहून काहीतरी पुटपुटलं. शिपाई खाली उतरून पान खायला गेले. कोर्टात पुढे व्हायचं ते होईल, पण पोलिसांचं म्हणणं काय ते ठरलं होतं, आणि ते माझ्या बोलण्यावर ठरलं होतं.

जमादारांनी शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. "सबब, सदर अपघातात चालक हरिदास याचा दोष दिसून येत नाही." मग पेन माझ्यापुढे केलं. "करा सही, बाई. इथे, तुमच्या नवऱ्याच्या नावाखाली."

मी सही केली.